विनामूल्य शोकसभा

आमच्या घरात कोणीही वारलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कोथरूडमध्ये अजूनही काही मंडळी मला रस्त्यात गाठून माझा दंड दाबतात, खालच्या आवाजात ‘सावरलात का?’ असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता भाजी घ्यायला निघून जातात. आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत. सासरे तर गरजेपेक्षा जरा जास्तच धडधाकट आहेत, पण त्यांच्याकडे आपण नंतर येऊ.

सगळं सुरू झालं आमच्या शेफालीमुळे. हे वाक्य मी तिच्यासमोर कधीच बोलत नाही. बोललो तर ती दिवसभर ‘माझ्यामुळे, माझ्यामुळे’ करत बसेल, आणि मुळात दुखणं तेच होतं. पोरगी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. हुशार. (आईवर गेली आहे, असं तिची आई म्हणते. मी वाद घालत नाही.) डिसेंबरात प्रोजेक्टचं सादरीकरण करताना ती मध्येच अडकली. पुढचं काही आठवेना. मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं. झालं एवढंच. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच दळण सुरू झालं. मी पुन्हा अडकणार, सगळे पुन्हा हसणार. जेवताना तेच, दात घासताना तेच. आणि तोंडी परीक्षा येत्या सोमवारवर आली तेव्हा तिनं शांतपणे जाहीर केलं, “मी जाणार नाहीये.”

तोंडी परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं, आणि कॉलेजातूनच मिळालेली नोकरीही गेली. पण खरं सांगायचं तर मला वर्षाची आणि नोकरीची चिंता नव्हती. आमच्या घरात पूर्वी जेवणाच्या टेबलावर हीच पोरगी सगळ्यांच्या नकला करायची, माझी तर माझ्या तोंडावर करायची. आता तिथे चमच्यांचा आवाज यायचा. ते मला बघवत नव्हतं.

मी विमा कंपनीत दावे विभागात आहे. लोकांवर कोसळलेली संकटं तपासायची माझी रोजची सवय. तेव्हा मी तिला समजावण्याचं काम अर्थातच स्वतःकडे घेतलं. म्हटलं, “बेटा, विचारच करू नकोस.”

“बाबा,” ती म्हणाली, “‘विचार करू नकोस’ याचाही मी तासन्‌तास विचार करते.”

दावा नामंजूर.

शेवटी तिच्या कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी माइंडफुलनेस सुचवलं. आमच्या सौभाग्यवतींच्या, म्हणजे तनुजाच्या, ऑफिसातल्या एकीनं दीक्षा मॅडमचा नंबर दिला. या मॅडम विद्यार्थ्यांना माइंडफुलनेस शिकवतात. मी फोनवर चौकशी केली. त्या म्हणाल्या, “विचार थांबवायचा नाही. तो आला की आला म्हणायचं, त्याच्याकडे बघायचं, आणि परत आपल्या श्वासाकडे यायचं.”

“बरं. आणि?”

“आणि काही नाही. तो पुन्हा येणार. आपणही पुन्हा श्वासाकडे यायचं.”

मला जरा फसवल्यासारखं झालं. श्वास तर मी लहानपणापासून घेतोय, कोणी मार्गदर्शन केलेलं नाही. पण शेफालीनं एक अट घातली. “मला एकटीला धरून बसवू नका. सोसायटीतली सगळी मुलं येणार असतील तर मी मागच्या रांगेत बसेन.” चार महिन्यांत पहिल्यांदा ती कशाला तरी हो म्हणाली होती. सोसायटीत पोरं रग्गड, प्रत्येकाची कुठली ना कुठली परीक्षा तोंडावर. खाली हॉल आहे. शनिवारी संध्याकाळी तासभर बसायचं. यात अवघड ते काय, असं मला वाटलं. असं वाटतं तिथे माणसानं लगेच घरी जाऊन झोपावं.

हॉल मिळवायचा म्हणजे सेक्रेटरी महिपती गोळे यांच्याकडे जायचं. गोळेसाहेब सरकारी लेखा विभागातून निवृत्त झाले, पण लेखा विभाग त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. दुपारी एक ते चार त्यांची बेल बंद असते. बंद म्हणजे ते स्वतः वायर काढून ठेवतात. चार वाजल्यावर मी गेलो. त्यांनी हॉलची नियमावली काढली.

“प्रसंग?”

“मुलांना शांत बसायला शिकवायचंय.”

“असा प्रसंग नाही. लग्न, मुंज, बारसं, हळदीकुंकू, वाढदिवस आणि शोकसभा. यातलं काय?”

“यातलं काहीच नाही.”

“जेवण आहे?”

“नाही.”

“गाणं-बजावणं?”

“छे.”

“मग इतकी माणसं येऊन करणार काय?”

“डोळे मिटून, खाली बसून, गप्प राहणार.”

गोळ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “म्हणजे शोकसभा.”

“अहो, पण कोणी गेलेलं नाही!”

“ते तपासण्याची नियमावलीत तरतूद नाही. नवीन प्रसंग घालायचा तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. दिवाळीनंतर बघू.” मग पान उलटता उलटता म्हणाले, “शोकसभेला हॉलचं भाडं नाही.”

आता मला सांगा. पुण्यात जन्मलेला, नारायण पेठेत वाढलेला, हातपाय धड असलेला माणूस या वाक्यानंतर दुसरं काय म्हणणार? मी म्हटलं, “लिहा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर गोळ्यांच्या ठाशीव अक्षरात सूचना लागली. ‘शनिवारी सायंकाळी पाच वाजता शोकसभा. आयोजक श्री. इंद्रजीत भोंडे, बी विंग. दुःखाच्या प्रसंगीही गाड्या रेषेतच लावाव्यात.’

मी दूध घेऊन वर येईपर्यंत बातमी माझ्याआधी वर पोचली होती. पहिली बेल वाजवली वरच्या मजल्यावरच्या मथुराबाईंनी. आमची सोसायटी त्यांच्या वावरात उभी आहे. बदल्यात त्यांना वरचे फ्लॅट मिळाले, आणि सोसायटीत कोणाच्याही घरी न विचारता शिरायचा हक्कही त्यांनी स्वतःकडेच ठेवलाय. हातात झाकलेलं पातेलं.

“कोन गेलं म्हनायचं, भोंडेसायब?”

“कोणी नाही हो, मथुराबाई.”

“सासरा का?”

“नाही! सगळे आहेत. मुलांचा एक वर्ग आहे, शांत बसायचा.”

“मंग पिठलं-भात कशापायी आनला म्या?” त्यांनी पातेलं माझ्या हातात कोंबलं. “सुतकाच्या घरी चूल पेटवू नये म्हून भल्या पहाटं उठले. आता कोन तरी मेलं असतं तर काय बिघडलं असतं?” आणि जाता जाता सल्ला दिला, “पोरांला शांत बशिवता व्हय? येक दिस खुरपायला न्या. आपसूक गप व्हत्याल.”

दुपारपर्यंत घरात आणखी तीन पातेली पिठलं जमलं. तनुजा ओट्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. “अहो, फुकट मिळतंय म्हणून उद्या स्मशानाचा पासही काढाल!” मी म्हटलं, जरा शांतपणे श्वासाकडे लक्ष दे. त्यावर ती जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी साताऱ्याहून सासऱ्यांचा फोन आला. आवाज खणखणीत. “जावईबापू, माझी शोकसभा ठेवलीत म्हणे शनिवारी. मी येऊ का, की ते बरं दिसणार नाही?”

हे ऐकून शेफालीला क्षणभर हसू आलं. मी ते बघितलं, आणि आनंदानं मला पिठल्याचा ठसका लागला. पण लगेच तिचा चेहरा पडला. “माझ्यामुळे सगळ्यांना किती त्रास. मी नाही येत शनिवारी. सोमवारी तर नाहीच नाही.” पुन्हा दळण सुरू. मी तिच्याशेजारी बसलो. दावे विभागात अशा वेळी आम्ही कागद पुढच्या टेबलावर ढकलतो. इथे पुढचं टेबल नव्हतं.

फळ्यावरची सूचना बदलायला गोळे तयार नव्हते. ‘एकदा लागलेली सूचना कार्यक्रम होईपर्यंत काढता येत नाही.’ मग मी सोसायटीच्या ग्रुपवर खुलासा टाकला, की हा विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी माइंडफुलनेसचा वर्ग आहे. त्यावर अर्ध्या लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. सांस्कृतिक समितीचे रविराज कुंजीर यांनी मात्र तातडीनं फोन केला.

“भोंडे, कार्यक्रम म्हटल्यावर तो रीतसर झाला पाहिजे. दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचं स्वागत, परिचय, मनोगत, आभार.”

“अहो, तासभर फक्त गप्प बसायचंय.”

“बसू की. आभार झाल्यावर वेळ उरला तर बसू.”

शनिवारी पाच वाजता हॉल गच्च भरला. डावीकडे हाफ पँटमधली पोरं, ‘अटेंडन्स लागणार का, सर्टिफिकेट मिळणार का’ विचारत. उजवीकडे पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे, चेहरे सुतकी. हे ग्रुप न वाचणारे लोक. पुढच्या रांगेत मथुराबाई. सगळ्यात मागे, दाराला खेटून, शेफाली. ती आली, तिला मी आणलं नाही. तनुजा म्हणाली, फक्त बघून जाते म्हणालीये.

रविराजनी समई लावली, उदबत्ती लावली आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, “फोटो कुठाय?”

“कसला फोटो?”

“हार आणलाय ना सी विंगवाल्यांनी. चांगला निशिगंधाचा आहे. आता तो वाया घालवायचा का?” आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी तो प्रमुख आयोजक म्हणून माझ्याच गळ्यात घातला. मी समईमागे खुर्चीवर, गळ्यात हार, समोर उदबत्ती. उजवीकडच्या दोन म्हाताऱ्यांनी मला मनोभावे नमस्कार केला. सासऱ्यांनाही एवढा मान मिळाला नसता.

तेवढ्यात दीक्षा मॅडमचा फोन. शनिवारी हिंजवडीतल्या एका कंपनीत त्यांचा वर्ग असतो, तिथून त्या ‘थेट’ येणार होत्या. हिंजवडीहून आजवर कोणी थेट आलेलं नाही, हे खरं तर मला कळायला हवं होतं. “सर, मी ट्रॅफिकमध्ये पूर्ण अडकलेय, टॅक्सी हलत नाहीये. एक करू. तुम्ही कानात इयरफोन घाला. मी सांगेन ते शब्दाला शब्द बोला. मुलं एकदा बसलीत, त्यांना उठवू नका.”

मी उठून माइक घेतला. डोळे मिटले. मग एक डोळा किलकिला ठेवून आवाज जमेल तेवढा खोल केला.

“सगळ्यांनी डोळे मिटा,” कानात मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं. हॉलनं डोळे मिटले.

“पाठ ताठ. खांदे सैल. श्वास आत घ्या.” मी म्हटलं.

“डावीकडून घ्या, डावीकडून!”

मी म्हटलं. उजवीकडच्या ज्येष्ठांनी तत्परतेनं उजव्या नाकपुड्या दाबल्या. मला शंका आली नाही, कारण आमच्याकडे श्वास घ्यायची तशीही पद्धत आहे.

“मागचा हॉर्न वाजवतोय, वाजवू दे त्याला.” मी म्हटलं. खरंच बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते. गोळ्यांनी मिटल्या डोळ्यांनी मान डोलावली. त्यांना बहुधा पटलं.

“घाई करून कोण कुठे पोचलंय?” मी म्हटलं. डावीकडून एक पोरगा पुटपुटला, “डीप आहे रे.” मलाही आतून काहीतरी उमलल्यासारखं वाटायला लागलं. आवाजाला धार चढली.

“काय हो, तुम्हाला अक्कल आहे का?”

हे वाक्य मी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात गंभीर आवाजात, गळ्यात हार घालून, दीडशे माणसांना विचारलं. गोळ्यांनी एक डोळा उघडला.

“दिसत नाही का पुढे बस उभी आहे?” हे मात्र मी अर्ध्यातच गिळलं, आणि तेवढ्यात कानात टक्‌ असा आवाज होऊन सगळं शांत झालं. फोन तुटला.

मी डोळे पूर्ण उघडले. दीडशे चेहरे, डोळे मिटलेले, पुढच्या शब्दाची वाट बघतायत. आणि माझ्याकडे पुढचा शब्द नाही. गुडघे थरथरायला लागले, आपले आपण. डोक्यात एकच वाक्य. आता सगळे हसणार. मी दुसरा विचार करायचा प्रयत्न केला, तर तेच वाक्य दारातून परत. आता सगळे हसणार. एकेक डोळा उघडायला लागला. मागच्या दाराशी शेफाली उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला काय होतंय ते त्या हॉलमध्ये तिच्या एकटीला कळत होतं. आणि तेव्हा मला कळलं, माझी पोरगी गेले चार महिने रोज इथे उभी आहे, आणि मी शहाणा तिला सांगत होतो, विचार करू नकोस.

थाप मारायची, पाणी प्यायला म्हणून बाहेर सटकायचं, हे सगळं सुचलं. पण ती बघत होती. मी म्हटलं, “मंडळी, मी अडकलोय. मॅडमचा फोन तुटला. मला पुढचं काहीही येत नाही.”

मी इयरफोन काढून खिशात घातला.

“माझे गुडघे थरथरतायत. मला वाटतंय तुम्ही सगळे हसणार.” श्वास घेतला. “पुन्हा तेच वाटतंय.” आणखी एक श्वास. “हे बघा, परत आलं.”

आणि हॉल हसला. अगदी मनापासून हसला. पोरं गुडघ्यांवर थापा मारून हसली, पांढऱ्या साड्या पदरात तोंड खुपसून हसल्या, मथुराबाई तर खुर्चीवरून कलंडल्या. बावन्न वर्षं ज्याची भीती बाळगली ते सगळं एका झटक्यात घडलं. मी तसाच उभा राहिलो. ते हसले, आणि मग त्यांचं हसून झालं. हसणं संपतं, हे मला खरंच माहीत नव्हतं.

“आरं मंग खाली बस की,” मथुराबाई डोळे पुसत म्हणाल्या. “हुबा कशाला ऱ्हायलास?”

मी खाली, मुलांच्या पुढ्यात, सतरंजीवर बसलो. डी विंगमधला अभिनव, एरवी आमच्या गाडीवर क्रिकेटचा चेंडू मारण्यापुरता परिचित, म्हणाला, “काका, मला प्रत्येक टेस्टच्या आधी सेम होतं.” मग एक मुलगी बोलली, मग आणखी एक. आणि मग कोणाची अपेक्षा नसताना गोळेसाहेबांनी घसा खाकरला. “सर्वसाधारण सभेच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही. आकडे चुकतील असं वाटत राहतं.” जरा थांबून म्हणाले, “चुकत नाहीत ते. पण वाटतं.” त्यानंतर कोणी न सांगता सगळे गप्प बसले. बराच वेळ. रविराजना आभार मानायचे होते, पण त्यांचाही डोळा लागला होता.

दीक्षा मॅडमचं काय झालं? त्या आल्या होत्या. फाटकावर आल्या, जिन्याखालचा फळा वाचला, आतून येणारी शांतता ऐकली आणि परत गेल्या. मोबाइलवर निरोप होता, ‘आपल्या दुःखात सहभागी आहे. या प्रसंगीही आपण फोनवर माझ्याशी इतक्या धीरानं बोललात, याचं कौतुक वाटतं.’

रात्री जेवताना (पिठलं. रविवारीही पिठलंच होतं.) शेफाली माझ्याकडे टक लावून बघत होती. “बाबा, मला वाटलं तुम्ही पळून जाल.”

“मलाही तेच वाटत होतं.”

“मग गेला का नाहीत?”

“गळ्यात हार होता. हार घालून पळणं बरं दिसत नाही.”

तिनं चमचा खाली ठेवला, आवाज खोल केला, डोळे मिटले आणि हात पुढे करून म्हणाली, “काय हो, तुम्हाला अक्कल आहे का?” हुबेहूब मी. तनुजा हसता हसता रडायला लागली, आणि मी अपमान झाल्याचा आव आणून ताटात तोंड घातलं, कारण माझंही तेच चाललं होतं.

सोमवारी ती गेली. मी रजा टाकून तिच्या कॉलेजच्या फाटकाशी स्कूटरवर बसून राहिलो. माझ्या डोक्यात काय चालू होतं ते विचारू नका. श्वासबीस सगळं विसरलो होतो. शेवटी ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

“अडकले,” ती म्हणाली.

मी स्कूटरवरून उतरलो. “मग?”

“मग म्हटलं, सर, मी अडकलेय, जरा थांबते. थांबले. मग आठवलं तसं पुढे बोलले.”

“ते काही बोलले नाहीत?”

“पुढचा प्रश्न विचारायला लागले आणि मध्येच तेच अडकले, बाबा! कागद चाळतायत, चष्मा शोधतायत, घामाघूम. सगळ्यांसमोर.”

“अरे देवा. मग तू काय केलंस?”

“मी म्हटलं, सर, सावकाश. मी थांबते.”

आणि ती खो खो हसत सुटली, आणि मी तिथे, कॉलेजच्या फाटकात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, तिच्याहून मोठ्यानं हसलो.